यंदाची नोबेल पारितोषिके दीड तासात, मराठीतून : काय सांगावे आणि किती सांगावे?

मीनल_बडोदे | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.२०

सर्वांना नमस्कार. आज अर्थशास्त्राची घोषणा झाली आणि यंदाचा नोबेल सप्ताह संपला. हा सप्ताह नेमका नवरात्रात सुरू झाला, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास स्टॉकहोमहून नावे ऐकायची आणि रात्री नातीला गरब्याला घेऊन जायचे, असे माझे दिवस गेले.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात दसऱ्यानंतरच्या एका रविवारी त्या वर्षीच्या नोबेल पारितोषिकांविषयी मराठीतून दीड तास बोलणे होते. मी शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्त झाल्यावर शेजारच्या मुलांसाठी हे सुरू केले आणि आता तीस-पस्तीस माणसे येतात. त्यांत आठवी-नववीची मुले असतात, त्यांचे आईवडील असतात आणि ऐंशी ओलांडलेले दोघे-तिघेही असतात. मुलांची शाळा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची आणि घरात मराठी, त्यामुळे मी 'प्रथिन' म्हटले की आजोबा मान डोलावतात आणि नातू विचारतो, 'म्हणजे प्रोटीन ना?'

गेल्या वर्षीपर्यंत मी सहाही पारितोषिकांना पंधरा-पंधरा मिनिटे देत असे. मागच्या कार्यक्रमानंतर महिन्याभराने एका नियमित येणाऱ्या मुलाला, काय आठवते, असे विचारले. त्याने तीन नावे सांगितली आणि रक्कम सांगितली, एक कोटी दहा लाख स्वीडिश क्रोनर. काम मात्र एकाचेही सांगता आले नाही. दोष मुलाचा नव्हता. पंधरा मिनिटांत मी त्याला नावेच दिली होती.

म्हणून यंदा निम्मा वेळ एकाच पारितोषिकाला द्यावा असे माझे मत आहे, आणि ते वैद्यकशास्त्राचे असावे. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी मायक्रोआरएनए शोधला, आणि ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येते. माझी मांडणी अशी आहे. घरात पाककृतींची एक जाड वही आहे, ती कपाटाबाहेर काढायची नाही. जो पदार्थ करायचा त्याची चिठ्ठी उतरवून घ्यायची आणि आचाऱ्याला द्यायची. डीएनए ही वही, संदेशवाहक आरएनए ही चिठ्ठी, रायबोसोम हा आचारी आणि प्रथिन हा पदार्थ. डोळ्यातल्या आणि आतड्यातल्या पेशींकडे वही एकच असते, तरी त्यांचे काम वेगळे, कारण कोणती चिठ्ठी आचाऱ्यापर्यंत पोचू द्यायची याचे नियमन होते. मायक्रोआरएनए हा त्या नियमनाचा एक मार्ग आहे.

सभासदांना दोन प्रश्न : निम्मा वेळ याच पारितोषिकाला द्यावा का? आणि तुम्ही असता तर कोणत्या शब्दांत सांगितले असते? कार्यक्रम रविवारी, २० तारखेला, सायंकाळी पाच वाजता आहे.

विश्वामित्रीकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मीनलताई, उपक्रमाविषयी मनापासून आदर आहे, तरी निवडीविषयी असहमती नोंदवतो. निम्मा वेळ भौतिकशास्त्राला द्यायला हवा. मुलांच्या हातात जो फोन आहे, त्यातला चेहरा ओळखणारा, बोललेले लिहून देणारा भाग ज्या कल्पनांवर उभा आहे त्या जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांच्या आहेत. ज्या वस्तूशी मुले रोज दहा वेळा वागतात, ती कशी चालते हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणी सांगत नाही.

हॉपफील्ड यांची १९८२ची कल्पना मराठी माणसाला समजावणे अवघड नाही. 'पुंडलिक वरदे' एवढे कोणी म्हणाले की पुढचे शब्द आपल्या तोंडी आपोआप येतात. तुकडा मिळाला की पूर्ण नमुना जागा होतो. हॉपफील्ड यांनी बिंदूंचे एक जाळे कल्पिले. प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा, आणि प्रत्येक दोन बिंदूंमध्ये एक दुवा, जो सांगतो की या दोघांनी सारखे असावे की उलट. ज्या रचनेत सर्वांत अधिक दुवे समाधानी असतात ती रचना म्हणजे दरी. फाटके, डागाळलेले चित्र दिले तर ते उतारावरच्या गोटीप्रमाणे घरंगळत जवळच्या दरीत जाते, आणि तिथे मूळ चित्र साठवलेले असते.

पुढच्या काळात हिंटन यांनी सहकाऱ्यांबरोबर बोल्ट्झमन यंत्र रचले. ते साठवलेले चित्र परत देण्यावर थांबत नाही, उदाहरणे पाहून त्या प्रकारचे नवे चित्रही तयार करते. हे हिंटन गेल्या वर्षी गूगलमधून बाहेर पडले, ते या तंत्राच्या धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. मुलांना ही गोष्टही सांगायला हवी.

सयाजीबाग | १४ ऑक्टोबर, रात्री १०.४०

दोन्ही समजावण्या आवडल्या. 'पुंडलिक वरदे' हे उदाहरण आमच्या घरी आताच आजीला वाचून दाखवले, तिला जाळ्याची कल्पना लगेच कळली.

जुना_विद्यार्थी | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

मी १९८४ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, आता पुण्यात असतो. ८ तारखेची घोषणा ऐकून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. भौतिकशास्त्राचे पारितोषिक निसर्गाचा एखादा नियम शोधणाऱ्याला मिळावे, अशी आमच्या पिढीची धारणा आहे. हॉपफील्ड यांनी लोहचुंबकातल्या अणूंच्या वर्तनाचे गणित उसने घेतले आणि हिंटन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या बोल्ट्झमन यांचे समीकरण वापरले, हे खरे आहे. तरी त्यातून निसर्गाविषयी नवे काय कळले, या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

असे असले तरी मला माझ्याच विद्यापीठाचा इतिहास आठवला. वेंकटरामन रामकृष्णन यांनी इथूनच १९७१ साली भौतिकशास्त्रात बी. एस्सी. केले. त्यांचे वडील विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. मुलाने अमेरिकेत जाऊन भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, मग तो विषय बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकला, आणि २००९ साली टॉमस स्टाइट्झ व आडा योनाथ यांच्यासह त्याला नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. कशासाठी? मीनलताई ज्याला आचारी म्हणतात त्या रायबोसोमची रचना उलगडण्यासाठी. तेव्हा हे काम कोणत्या विषयाचे, असे बडोद्यात कोणी विचारले नाही, आम्हाला फक्त आनंद झाला होता. म्हणून माझा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेत नाही, पण त्याची धार कमी करतो.

ताई, आचारी या शब्दापाशी पोचाल तेव्हा पाच मिनिटे थांबा आणि त्याची रचना उलगडणारा मुलगा याच शहरातल्या वर्गांत बसत होता हे सांगा.

कणाद | १५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

मी प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मीनलताईंची वही, चिठ्ठी आणि आचारी ही मांडणी उत्तम आहे, फक्त मायक्रोआरएनए चिठ्ठीला अडवतो कसा, ते त्यात येत नाही. त्यासाठी दुसरे उदाहरण घ्यावे, बॅगेच्या चेनचे. चेनच्या एका बाजूचे दाते दुसऱ्या बाजूच्या दात्यांत बसतात. मायक्रोआरएनए साधारण बावीस अक्षरांचा एक तुकडा असतो. त्याची अक्षरे चिठ्ठीच्या शेवटच्या भागातल्या अक्षरांशी जुळली की तो तिथे चेनसारखा बसतो, आणि ती चिठ्ठी वाचली जात नाही किंवा नष्ट होते.

हे कळले ते एका सूत्रकृमीमुळे, ज्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर असते. अ‍ॅम्ब्रोस लिन-४ या जनुकावर काम करत होते आणि रुव्हकुन लिन-१४वर. लिन-४मधून प्रथिन तयारच होत नाही, एक इवलासा आरएनए तयार होतो, हे अ‍ॅम्ब्रोस यांच्या गटाला दिसले. दोघांनी आपापले अक्षरक्रम एकमेकांशी ताडून पाहिले आणि ते चेनसारखे जुळले. १९९३ साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. त्यानंतर जवळजवळ सात वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण ही त्या कृमीची खासियत असेल असे सर्वांना वाटले. २०००मध्ये रुव्हकुन यांच्या गटाने लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए प्रसिद्ध केला, आणि तो माणसापासून माशीपर्यंत असंख्य प्राण्यांत सापडला. आज माणसात असे हजाराहून अधिक मायक्रोआरएनए माहीत आहेत. मुलांना ती सात वर्षे जरूर सांगा. प्रयोगशाळेत असताना मला स्वतःला त्या सात वर्षांचा फार आधार वाटतो.

आता रसायनशास्त्राविषयी, कारण ते कोणी घेतले नाही आणि माझा जीव त्यात आहे. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. माळ तयार झाली की ती स्वतःच घडी घालते आणि त्या घडीवर तिचे काम ठरते. माळेचा क्रम ठाऊक असेल तर घडी सांगता यावी, एवढे १९७२ साली नोबेल मिळालेल्या क्रिस्टियन अ‍ॅन्फिन्सन यांच्या कामातून दिसले होते. पण शंभर मण्यांच्या माळेच्या शक्य घड्यांची संख्या लिहायची तर एकावर सत्तेचाळीस शून्ये द्यावी लागतात. हे कोडे पन्नास वर्षे सुटत नव्हते. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने २०२०मध्ये ते बऱ्याच अंशी सोडवले आणि पुढे सुमारे वीस कोटी प्रथिनांच्या घड्या वर्तवल्या. डेव्हिड बेकर यांनी उलट दिशेने विचार केला : आधी निसर्गात नसलेली घडी ठरवायची, मग तिला साजेशी माळ शोधायची. २००३ साली त्यांच्या गटाने ९३ मण्यांचे असे एक प्रथिन प्रत्यक्ष बनवून दाखवले. पारितोषिकाचा निम्मा भाग त्यांना मिळाला, उरलेला निम्मा त्या दोघांना.

एक गोष्ट मात्र वृत्तपत्रांत नीट आली नाही. अल्फाफोल्ड शिकले कशावरून? पन्नासहून अधिक वर्षे जगभरच्या माणसांनी प्रथिनांचे स्फटिक वाढवले, त्यांवर क्ष-किरण टाकले आणि एकेक रचना काढून १९७१ साली सुरू झालेल्या खुल्या भांडारात ठेवली, त्यावरून. एका रचनेसाठी कित्येकदा एका विद्यार्थ्याची पूर्ण पीएच.डी. खर्ची पडली आहे. आणि कोणतीही रचना आली की ती बरोबर आहे का हे तपासण्यासाठी आम्ही आजही जो आलेख काढतो, तो १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. जगातल्या प्रत्येक प्रथिन-प्रयोगशाळेत रामचंद्रन आलेख हे नाव रोज घेतले जाते. त्यांना नोबेल मिळाले नाही. ते २००१ साली गेले.

सुरसागर | १५ ऑक्टोबर, रात्री ८.५०

कणाद यांच्या शेवटच्या परिच्छेदामुळे लिहावेसे वाटले. मुलांना हे पारितोषिक जगातला शेवटचा निवाडा म्हणून सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. विज्ञानाचे एक पारितोषिक तिघांहून अधिक माणसांना देता येत नाही. आजचे विज्ञान तिघे करत नाहीत. लिन-४च्या १९९३ सालच्या निबंधाच्या पहिल्या लेखिका रोझलिंड ली आहेत. त्या अ‍ॅम्ब्रोस यांच्या सहकारी आहेत आणि पत्नीही. पारितोषिकाच्या दोन नावांत त्यांचे नाव नाही, आणि तीनची मर्यादा तर इथे आडही येत नव्हती.

आणखी एक. घरी मुलगी मला विचारते, भारताला किती मिळाली? मोजदाद सुरू झाली की कामाविषयी बोलणे थांबते. रामकृष्णन यांनी स्वतः २००९ साली म्हटले होते की राष्ट्रीयत्व हा जन्माचा योगायोग आहे. त्यांच्यावर हक्क सांगणाऱ्या आम्हा बडोदेकरांना ते तेव्हा रुचले नव्हते. आज मला ते पूर्णपणे पटते.

मीनल_बडोदे | १५ ऑक्टोबर, रात्री ९.३५

सुरसागर, रोझलिंड ली यांचे नाव मी दोन विजेत्यांच्या बरोबरीने फळ्यावर लिहीन. रामचंद्रन यांचेही.

जुना_विद्यार्थी, रामकृष्णन यांच्याविषयी बोलेनच, मात्र 'आपला मुलगा' या सुरात नाही. विषय बदलून पुन्हा पहिल्या बाकावर बसण्याचे धैर्य, एवढेच मला मुलांना दाखवायचे आहे.

कणाद, चेन घेऊन येते, जुन्या दप्तराची मोठी चेन घरात आहे. शब्दांविषयी अजून कोणी बोलले नाही. प्रथिन म्हणावे की प्रोटीन?

रावपुरेकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ६.४५

मीनलताई, दोन्ही म्हणावे, आणि पहिल्यांदा उच्चारताना दोन्ही एकत्र म्हणावे. याच शहरात १८९०मध्ये कलाभवन निघाले, ज्यात उद्योगांचे शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे असा आग्रह होता. पुढे १९३१ साली महाराजांनी शासनव्यवहाराच्या शब्दांचा कोश काढवला, त्यात एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय दिले आहेत. बडोद्याची रीत ही अशी आहे : शब्द शेजारी शेजारी बसवावेत, वाचकाने निवडावेत. मुलाला तीनही भाषांतला शब्द माहीत असणे ही श्रीमंती आहे.

आता मूळ मुद्दा. सर्व चर्चा विज्ञानाभोवती चालली आहे याचे मला वाईट वाटते. माझे वय ७८ आहे. माझ्या दृष्टीने यंदाचे सर्वांत मोठे पारितोषिक शांततेचे आहे. निहॉन हिदांक्यो ही हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुबाँबमधून वाचलेल्यांची संघटना आहे. अशा माणसांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. दोन बाँबनी साधारण एक लाख वीस हजार माणसे तत्काळ मारली आणि जवळपास तेवढीच पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत भाजण्याने व किरणोत्साराने गेली. वाचलेल्यांना आपली गोष्ट सांगताही येत नव्हती. अमेरिकी ताब्याच्या काळात त्याविषयी छापण्यावर निर्बंध होते, आणि लग्न-नोकरीत अडचण येईल म्हणून अनेकांनी आपण हिबाकुशा आहोत हे लपवले. मार्च १९५४मध्ये बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी झाली, तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि त्यानंतर देशात जी चळवळ उठली तिच्यातून १९५६ साली ही संघटना उभी राहिली.

११ तारखेला हिरोशिमाहून तोशियुकी मिमाकी यांचे दृश्य पाहिले असेल. बाँब पडला तेव्हा ते तीन वर्षांचे होते. नाव जाहीर होताच त्यांनी स्वतःचा गाल चिमटीत धरून ओढला आणि रडू लागले. मीही घरी रडलो. हिबाकुशांपैकी आज एक लाखाच्या आसपास हयात आहेत आणि त्यांचे सरासरी वय ८५च्या वर आहे. ताई, मायक्रोआरएनए पुढच्या वर्षीही सांगता येईल. ही माणसे हयात असताना त्यांच्याविषयी बोलण्याची संधी दरवर्षी येणार नाही.

सुरसागर, तुमच्या निवाड्याच्या मुद्द्यात भर घालतो. गांधीजींचे नामांकन १९३७, ३८, ३९, ४७ आणि ४८ अशा पाच वर्षी झाले होते. १९४८ साली योग्य असा हयात उमेदवार नाही असे सांगून समितीने शांततेचे पारितोषिक कोणालाच दिले नाही.

वाचनवेडी | १६ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

रावपुरेकरकाका, तुमच्याशी सहमत आहे, आणि तुमच्या शेजारी मी हान कांग यांना बसवू इच्छिते. साहित्याचे नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या आशियाई स्त्री आहेत. जन्म १९७०, दक्षिण कोरियातले ग्वांगजू. त्या नऊ वर्षांच्या असताना कुटुंब सोलला गेले, आणि काही महिन्यांतच, मे १९८०मध्ये, ग्वांगजूत लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या असताना घरात लपवून ठेवलेला त्या हत्याकांडाच्या छायाचित्रांचा संग्रह त्यांच्या हाती लागला. त्या पुढे जे लिहीत गेल्या त्यातला बराच भाग त्या दुपारपाशी परत येतो. पारितोषिक मिळाल्यावर त्यांनी पत्रकार परिषद घेतली नाही. जगात युद्धात रोज माणसे मरत असताना उत्सव कसला करायचा, असे त्यांचे म्हणणे असल्याचे त्यांच्या वडिलांनी सांगितले. वडीलही कादंबरीकार आहेत.

मला एक वेगळी गोष्टही मांडायची आहे. जगाने हान कांग यांना इंग्रजीतून वाचले. २०१६ साली त्यांना मिळालेले आंतरराष्ट्रीय बुकर त्यांच्यात आणि अनुवादक डेबोरा स्मिथ यांच्यात विभागून दिले गेले, आणि त्या अनुवादाच्या अचूकपणावर कोरियात मोठा वादही झाला. अनुवाद नसता तर स्टॉकहोमपर्यंत ही लेखिका पोचली असती का? आपल्या शहरात गुजराती आणि मराठी दोन्ही घरच्यासारख्या जाणणारी कितीतरी माणसे आहेत. या मुलांतल्या एखाद्याला तरी अनुवाद हे काम आहे, कसब आहे, असे त्या दिवशी वाटावे.

विश्वामित्रीकाठ | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.००

रावपुरेकरकाका आणि वाचनवेडी यांचे वाचून मला एक सूत्र सुचले. हॉपफील्ड यांचे जाळे स्मृतीविषयी आहे, हान कांग स्मृतीविषयी लिहितात, हिबाकुशा स्मृती जपतात. 'स्मृती' या एका शब्दाखाली तिन्ही बांधता येतील का?

वाचनवेडी | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४०

विनंती आहे, असे करू नये. जाळ्यातली स्मृती म्हणजे साठवलेला नमुना, तो परत मिळाला की काम पूर्ण होते. ग्वांगजूतल्या आईला मुलगा कधीही परत मिळाला नाही, आणि मिमाकी आपली आठवण सांगतात ती पुन्हा तसे घडू नये म्हणून. एका शब्दात तिन्ही बसवली तर मुलांना शब्द लक्षात राहील आणि माणसे निसटतील. मीनलताईंची मूळ तक्रार तीच होती.

विश्वामित्रीकाठ | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

मान्य. सूत्र मागे घेतो.

त्याऐवजी एक करता येईल. ऑगस्टच्या पुरात विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले आणि दर वर्षी कार्यक्रमाला मी आणत असे तो प्रोजेक्टर गेला. तेव्हा पडद्यावर काही दाखवता येणार नाही. पण हॉपफील्ड यांनी १९८२मध्ये केलेले जाळे अवघ्या तीस बिंदूंचे होते, आणि आपल्याकडे तीस माणसे येतात! तीस बिंदूंमध्ये ४३५ दुवे होतात. पाच ओळींत सहा-सहा माणसे बसवायची, प्रत्येकाच्या हाती एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा पुठ्ठा द्यायचा. वरून पाहिले की 'म' दिसेल असे चित्र ठरवायचे आणि प्रत्येकाला यादी द्यायची : या जागांवरच्या माणसांशी तुझे सारखे असावे, त्या जागांवरच्यांशी उलट. मग सात-आठ जणांचे पुठ्ठे उलटवून चित्र बिघडवायचे. एकेकाने बाकीच्यांकडे पाहायचे, यादीप्रमाणे अधिक जण काय सांगतात ते मोजायचे आणि त्याप्रमाणे आपला पुठ्ठा ठेवायचा. 'म' परत येईल. कोणालाही पूर्ण चित्र ठाऊक नसते, तरी ते येते. याद्या मी छापून आणतो.

सयाजीबाग | १६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

आज कोजागरी, गच्चीवर दूध आटत असताना घरातल्या सर्वांना हा खेळ समजावला. आमच्याकडून पाच जण येतील. अर्थशास्त्राला कोणीच वाली नाही का?

जुना_विद्यार्थी | १७ ऑक्टोबर, सकाळी ७.००

थोडक्यात सांगता येईल. हे पारितोषिक नोबेल यांच्या १८९५च्या मृत्युपत्रात नव्हते, स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने ते १९६८मध्ये सुरू केले. यंदा दारोन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना मिळाले. वसाहतींच्या काळात कुठे लोकांना सामील करून घेणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आणि कुठे लुटणाऱ्या, यावर पुढची समृद्धी बरीच ठरली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले आणि त्यानंतर गावोगाव वाचनालये निघाली. लोकांना सामील करून घेणारी संस्था म्हणजे काय, हे विचारणाऱ्या मुलाला मांडवीजवळच्या मध्यवर्ती वाचनालयात न्यावे.

मीनल_बडोदे | १८ ऑक्टोबर, रात्री ९.००

सर्वांचे पुन्हा पुन्हा वाचले आणि माझे मूळ मत बदलले. निम्मा वेळ एकाला देणार नाही. पहिली पस्तीस मिनिटे मायक्रोआरएनए आणि त्याला जोडून प्रथिनांची घडी, कारण चिठ्ठी, आचारी आणि पदार्थ ही एकच गोष्ट आहे. ती कणाद सांगतील, चेन मी धरीन. नंतर पंचवीस मिनिटे पुठ्ठ्यांचा खेळ. उरलेला अर्धा तास वाचनवेडी आणि रावपुरेकरकाका यांचा, आणि त्यात मी मध्ये बोलणार नाही. अर्थशास्त्र वगळते. मध्यवर्ती वाचनालयाची फेरी दिवाळीनंतर स्वतंत्रपणे काढू, तेव्हा जुना_विद्यार्थी यांनी पुण्याहून यावे.

रावपुरेकर | १८ ऑक्टोबर, रात्री ९.२५

पंधरा मिनिटे पुरतील. आकडे कमी सांगेन, मिमाकींविषयी अधिक.

मीनल_बडोदे | २० ऑक्टोबर, रात्री १०.४५

नुकतेच सर्व आवरून बसले आहे. ३७ जण आले, सात जणांनी खेळ गच्चीच्या जिन्यावरून पाहिला. रावपुरेकरकाका बोलत असताना वाड्यात कोणी हललेही नाही. ते थांबल्यावर एका आठवीतल्या मुलाने विचारले की मिमाकी आजोबांना मराठीतून पत्र लिहिले तर कोणी वाचून दाखवेल का. वाचनवेडी त्याला मदत करणार आहेत, मराठी मजकूर त्याचा आणि इंग्रजी अनुवाद त्यांचा.

पुठ्ठ्यांचा 'म' पहिल्या वेळी दोन फेऱ्यांत परत आला. मुलांना ते इतके आवडले की दुसऱ्या वेळी त्यांनी आपण होऊन वीस पुठ्ठे उलटवले. सर्वांनी यादीप्रमाणे प्रामाणिकपणे मोजले आणि वरून जे दिसले ते काळ्यावर पांढरा 'म', म्हणजे मूळ चित्राचे नेमके उलटे. एका नववीतल्या मुलीने विचारले, 'उलटा आलाय हे त्या जाळ्याला कळतं का?' विश्वामित्रीकाठ, तुम्ही पुठ्ठे गोळा करत होतात आणि मला नीट उत्तर देता आले नाही. तिला काय सांगू?

विश्वामित्रीकाठ | २० ऑक्टोबर, रात्री ११.१५

तिला सांगा की कळत नाही. यादीत फक्त कोण कोणाशी सारखे आणि कोण कोणाच्या उलट एवढेच लिहिले आहे, आणि सर्व पुठ्ठे एकदम फिरवले तरी त्यातले प्रत्येक नाते तसेच राहते. म्हणून दोन्ही दऱ्या सारख्याच खोल आहेत. आपण अर्ध्याहून अधिक पुठ्ठे उलटवले, म्हणून गोटी दुसऱ्या दरीत गेली. सरळ 'म' कोणता हे जिन्यावरच्या सात जणांना ठाऊक होते, खाली बसलेल्या तिसांपैकी कोणाच्याही यादीत ते नव्हते. पुढच्या रविवारी याद्या घेऊन येतो, तिला स्वतः पडताळून पाहू द्या.